उधारीची यादी उघड्यावर नको: दुकानासाठी साधा डब्ल्यूएसएस सर्व्हर



माजलगावात माझं दुकान पुढे, गोडाऊन मागच्या गल्लीत. काउंटरवर बिल झालं की गोडाऊनमधल्या मोबाईलवर लगेच दिसावं म्हणून मी वेबसॉकेट लावलं. साध्या वेबसाइटवर ब्राउझर विचारेल तेव्हाच सर्व्हर उत्तर देतो. वेबसॉकेटमध्ये एकदा जोडलेली लाइन चालूच राहते, दोन्ही बाजूंनी कधीही बोलता येतं.

पण माझी लाइन आधी 'डब्ल्यूएस' होती, म्हणजे उघडी. तगादा पोस्टकार्डावर लिहिला तर पोस्टमनही वाचतो. तसंच गिऱ्हाइकाचं नाव आणि बाकी वाटेत कुणीही वाचू शकलं असतं. बाकी गावात फुटली तर ते गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढेल का? म्हणून एन्क्रिप्ट केलेली लाइन, 'डब्ल्यूएसएस'.

हे असं करा:

1. भाड्याच्या छोट्या क्लाउड सर्व्हरवर नोड-जेएस टाका. त्यात 'डब्ल्यूएस' याच नावाची लायब्ररी मिळते. आपला प्रोग्राम 127.0.0.1 वर, पोर्ट 8080 ला चालवा. बाहेरचं कुणी थेट त्याच्यापर्यंत पोचत नाही.

2. डोमेन घ्या. सर्टबॉट वापरून लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट काढा.

3. पुढे पोर्ट 443 वर इंजिन-एक्स बसवा. कुलूप तो सांभाळतो, निरोप आत 8080 ला देतो. एचटीटीपी 1.1 ठेवा आणि 'अपग्रेड' व 'कनेक्शन' हे दोन हेडर आत पाठवा. हे राहिलं तर जोडणीच होत नाही.

4. सर्व्हरकडून 60 सेकंद काहीच आलं नाही तर इंजिन-एक्स लाइन तोडतो. म्हणून सर्व्हरने दर 30 सेकंदांनी पिंग पाठवावा.

5. पेजमधला पत्ताही 'डब्ल्यूएसएस'ने सुरू करा. एचटीटीपीएस पेजवरून उघडी लाइन ब्राउझर जोडू देत नाही.

आता माझी चूक ऐका. माझं सर्टिफिकेट 90 दिवसांचं होतं. सर्टबॉटने वेळेत नवं आणलं, पण इंजिन-एक्स रीलोड न झाल्यामुळे जुनंच वापरत राहिला. मुदत संपली आणि ऐन गर्दीत बोर्ड बंद! त्या दिवशी चिठ्ठ्या हातात घेऊन गोडाऊनला पळावं लागलं. नवं सर्टिफिकेट आलं की आपोआप रीलोड होईल, अशी आज्ञा सर्टबॉटमध्ये आजच लिहून ठेवा.

शेवटचं: एन्क्रिप्शन म्हणजे लॉगिन नाही. लाइन सुरक्षित झाली, पण समोर कोण आहे हे सर्व्हरने तपासायलाच हवं. जोडणी होतानाच लॉगिनचा टोकन तपासा. नाही जुळला तर लाइन बंद. नाहीतर कुलूप भारीतलं आणि किल्ली दारातच!