'आवडता लेखक' : वाचकाच्या आवडीमागील कारणांचे स्वरूप आणि साहित्याचे अध्यापन

प्रस्तावना :

'माझा आवडता लेखक' हा निबंध मराठी माध्यमातून शिकलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांनी शालेय जीवनात केव्हातरी लिहिलेला असतो. लेखकाचे जन्मगाव, ग्रंथांची यादी, मिळालेले पुरस्कार आणि अखेरीस 'म्हणून मला हा लेखक फार आवडतो' हे वाक्य, असा त्याचा साचा ठरलेला आहे. 'म्हणून' या शब्दाच्या आधी जे येते, त्याचा आवडीशी क्वचितच संबंध असतो. पदवी स्तरावर हाच निबंध 'वाङ्मयीन वैशिष्ट्ये लिहा' या प्रश्नाचे उत्तर बनतो. जन्मगावाची जागा 'वास्तववादी', 'ओघवती', 'चिंतनशील' अशी विशेषणे घेतात. मात्र वाचकाचे स्वतःचे कारण तेथेही अनुपस्थितच राहते. हे कारण म्हणजे नेमके काय, त्याचे प्रकार कोणते आणि साहित्याच्या अध्यापनात त्याचे स्थान कोणते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

आवड आणि समीक्षा :

वाचकाच्या आवडीला समीक्षेत किती स्थान द्यावे, याविषयी दोन टोकांच्या भूमिका आढळतात. विमसॅट आणि बीअर्डस्ली यांनी 1949 च्या लेखात, साहित्यकृतीचा वाचकावर झालेला परिणाम आणि साहित्यकृती स्वतः यांत गल्लत करणे हा दोष होय, असे प्रतिपादन केले. याउलट 1967 पासून हान्स रॉबर्ट याउस आणि पुढे वोल्फगांग इझर यांनी वाचकाची अपेक्षा आणि वाचनाची क्रिया हाच साहित्यविचाराचा विषय केला.

भारतीय काव्यशास्त्रातील 'सहृदय' ही संकल्पना या दोहोंमध्ये मार्ग काढण्यास उपयुक्त ठरते. अभिनवगुप्ताच्या मते काव्याच्या सततच्या अनुशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे आणि जो वर्ण्य विषयाशी तन्मय होऊ शकतो, तो सहृदय. येथे तन्मयतेइतकेच महत्त्व अनुशीलनाला आहे. आवड ही जन्मजात आणि अविचल गोष्ट नसून ती घडते, घासली जाते, असा याचा अर्थ आहे. म्हणून 'ज्याची त्याची आवड' असे म्हणून हा विषय संपवता येत नाही.

आवडीच्या कारणांचे प्रकार :

मराठी परंपरेत वाचकांनी, तसेच श्रोत्यांनी, आपल्या आवडत्या लेखकाविषयी दिलेली साक्ष पाहता चार प्रकारची कारणे प्रामुख्याने दिसतात.

1) परंपरेतील स्थान : संत बहिणाबाई (1628-1700) यांनी जयरामस्वामींच्या कीर्तनांतून तुकोबांचे अभंग ऐकले आणि तुकोबांना गुरू मानले. ब्राह्मण कुटुंबातील स्त्रीने कुणबी संताला गुरू करणे पतीला रुचले नाही. त्यातून सोसाव्या लागलेल्या छळाची नोंद त्यांच्या आत्मनिवेदनपर अभंगांत आहे. आवडीची किंमत मोजावी लागते, याचे हे ठळक उदाहरण होय. त्यांच्या नावावर असलेल्या प्रसिद्ध अभंगात ज्ञानदेवांपासून तुकोबांपर्यंतच्या संतांचे कार्य एका इमारतीच्या रूपकात मांडले आहे. तुकोबा श्रेष्ठ, एवढेच न सांगता ते कोणत्या पायावर उभे आहेत हेही त्यातून सांगितले जाते.

2) ओळख : दया पवार यांचे 'बलुतं' 1978 मध्ये प्रकाशित झाले. ज्या वाचकाला आपले जगणे प्रथमच छापील पानावर भेटले, त्याचे आवडीचे कारण 'हे माझे आहे' असे असते. ज्याला ते जग अपरिचित होते, त्याचे कारण 'हे मला ठाऊक नव्हते' असे असते. एकच पुस्तक दोन वाचकांना परस्परविरुद्ध कारणांनी आवडते. उत्तरपत्रिकेत मात्र दोघेही 'दाहक वास्तवाचे चित्रण' असेच लिहितात आणि हा महत्त्वाचा भेद पुसला जातो.

3) विचार : डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. 1936 च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात त्यांनी आपले प्राध्यापक जॉन ड्यूई यांचे ऋण मान्य केले. समाजाने भूतकाळाचा संपूर्ण वारसा न जपता त्यातील हितकारक तेवढेच पुढे न्यावे, हा ड्यूई यांचा विचार त्यांनी आपल्या युक्तिवादात वापरला. येथे कारण विशेषणात नसून उपयोगात आहे. ड्यूई यांच्यासमोर जातिसंस्थेचा प्रश्न नव्हता. वाचकाने त्यांचा विचार स्वतःच्या प्रश्नाला जोडून दाखवला. अण्णा भाऊ साठे यांनी 'फकिरा' (1959) ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. ही अर्पणपत्रिका व्यक्तीबरोबरच लेखणीचाही गौरव करते, हे लक्षणीय आहे.

4) भाषा आणि सहवास : जी. ए. कुलकर्णी (1923-1987) धारवाडला राहत, सभासमारंभांपासून दूर असत. त्यांच्या लेखनाने जोडलेल्या वाचकांशी त्यांचा संबंध प्रामुख्याने पत्रांतून राहिला. सुनीता देशपांडे यांनी त्यांना लिहिलेली पत्रे 'प्रिय जी.ए.' या नावाने 2003 मध्ये ग्रंथरूपाने आली. तेथे आवडत्या लेखकाला केवळ प्रशस्तिपत्र दिलेले नाही. वाचलेली पुस्तके, कविता, माणसे यांविषयी त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने संवाद केलेला आहे. स्वतः जी.एं.नी कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन कादंबरीकाराच्या त्रयीचे 'रान', 'शिवार' आणि 'गाव' असे अनुवाद केले; पु. ल. देशपांडे यांनी हेमिंग्वेची कादंबरी 'एका कोळियाने' या नावाने मराठीत आणली. अनुवाद ही आवडीची सर्वांत कष्टाची साक्ष म्हणता येईल, कारण अनुवादकाला एकही वाक्य टाळून पुढे जाता येत नाही.

आवडीच्या मर्यादा :

आवडीचे कारण सांगितले म्हणजे ते खरे असतेच असे नाही. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिज येथील विद्यार्थ्यांना कवींची नावे न सांगता कविता दिल्या आणि त्यांचे लेखी अभिप्राय जमवले. 1929 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात अशा 13 कवितांवरील अभिप्रायांची चिकित्सा आहे. नावाचा आधार नाहीसा होताच काही मान्यवर कवींच्या कविता अनेकांनी नाकारल्या आणि सामान्य प्रतीच्या रचनांना पसंती मिळाली. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, 'आवडता लेखक' या निवडीत लेखकाच्या कीर्तीचा वाटा मोठा असू शकतो. दोन, वैयक्तिक आठवणी, ठरीव प्रतिक्रिया आणि भावविवशता वाचनाच्या आड येतात. मात्र रिचर्ड्स यांनी यावरून विद्यार्थ्यांची मते ऐकणे थांबवले नाही. चुकीचे वाचन कोठे सुरू होते हे समजण्यासाठी त्यांनी त्याच मतांचा उपयोग केला. अध्यापकांच्या दृष्टीने हाच भाग महत्त्वाचा आहे.

अध्यापनातील उपयोजन :

विद्यार्थ्याने 'हा लेखक आवडतो' असे म्हटल्यास अध्यापकाने त्या विधानाचा स्वीकार किंवा अव्हेर तत्काळ करू नये. तीन प्रश्न पुरेसे ठरतात. पहिला, लेखनातील कोणत्या जागी वाचक थांबला? दुसरा, त्या जागी जे घडले ते अन्य लेखकाकडे का घडत नाही? तिसरा, त्याच लेखकाचे काय पटले नाही? पहिल्या प्रश्नाने विधान संहितेशी बांधले जाते, दुसऱ्याने तुलना सुरू होते आणि तिसऱ्याने आवड व भक्ती यांतील अंतर कळते. लेखकाचे नाव झाकून एखादा उतारा देणे आणि अर्ध्या पानाचा अभिप्राय घेणे, हा प्रयोग कोणत्याही वर्गात विनाखर्च करता येतो. अंतर्गत मूल्यमापनात अशा अभिप्रायाला गुण ठेवल्यास विद्यार्थ्याला तयार विशेषणांचा आश्रय घ्यावा लागणार नाही.

निष्कर्ष :

1. वाचकाची आवड ही समीक्षा नव्हे. परंतु कारणासह मांडलेली आवड ही समीक्षेची पहिली पायरी होय.
2. परंपरा, ओळख, विचार आणि भाषा यांपैकी कोणत्या कारणाने लेखक आवडला, हे स्पष्ट झाल्याशिवाय 'वाङ्मयीन वैशिष्ट्ये' हा प्रश्न पाठांतराचाच राहतो.
3. आवडीचे खरेपण स्तुतीच्या प्रमाणात नसून, वाचकाने त्या लेखनाचे पुढे काय केले यात दिसते.

ज्या विद्यार्थ्याला आपल्या आवडीचे कारण कोणी कधी विचारलेच नाही, तो पदवीनंतर पुस्तकांकडे पुन्हा वळण्याची शक्यता कमी असते. त्यामुळे हा प्रश्न परीक्षापद्धतीपुरता मर्यादित नाही. मराठीला पुढचा वाचक कोठून मिळणार, याच्याशीही तो निगडित आहे.