जंगल एक, जाणकारी अनेक

सह्याद्रीतल्या आदिवासींच्या वनस्पतिज्ञानाचं शहरात कौतुक पुष्कळ होतं. पण ते बहुधा तीन समजांवर उभं असतं. डोंगरात राहणाऱ्या सगळ्यांना झाडपाल्याची सारखीच माहिती असते, ती मुख्यतः औषधांची असते आणि हजारो वर्षं जशीच्या तशी चालत आलेली असते. तिन्ही समज चुकीचे आहेत, आणि चुकीचं मूळ एकच: हे ज्ञान रोजच्या पोटापाण्याच्या कामातून घडतं, हे आपण विसरतो.

पहिला समज घेऊ. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातले महादेव कोळी भात, नाचणी, वरई पिकवतात आणि पावसाळ्यापूर्वी हिरडा गोळा करतात. आत बी टणक होण्याआधीचं कोवळं फळ वाळवलं की बाळहिरडा होतो आणि त्याला भाव चांगला मिळतो. त्यामुळे फळ नेमकं कधी उतरवायचं, ही नजर तिथे तयार झालेली असते. घाट उतरून रायगड-ठाण्याकडे आलं की कातकऱ्यांचं जुनं कसब खैराचं. तांबडा गाभा निवडायचा, त्याचे तुकडे उकळायचे, पाणी आटवून कात पाडायचा. माथ्यावर हिरडा आणि खाली खैर, म्हणून ज्ञान वेगळं, असं कोणी म्हणेल. ते काही अंशी खरंच आहे. पण कर्जतसारख्या तालुक्यात ठाकर आणि कातकरी शेजारशेजारी राहतात. ठाकरांचा भर शेतीवर, तर कातकऱ्यांचा पूर्वापार मासे, शिकार आणि रानातल्या गोळा केलेल्या वस्तूंवर. मासे गुंगवणारी फळं आणि साली ओळखण्याची गरज मासे धरणाऱ्यालाच पडते. उलट, इंग्रजी अमदानीत जंगल कायद्यांनी खैरतोड अडवली, कातकरी कोळसा पाडण्याकडे आणि पुढे वीटभट्ट्यांकडे वळले, तसं कात पाडण्याचं कसब मागे पडलं. ज्ञान रक्तात असतं, तर धंद्याबरोबर ते गेलं नसतं.

दुसरा समज औषधांचा. या जाणकारीचा मोठा भाग खरं तर अन्नाचा आहे आणि त्यातही अपायकारक वनस्पती खाण्याजोगी करण्याचा. पावसाच्या तोंडावर बाजारात शेवळं येतात, तेव्हा विकणाऱ्या बायकांच्या पाटीत शेजारीच काकडाची आंबट-तुरट फळं असतात. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. नीट न केलेली भाजी घशाला खाजते. म्हणून आतला पिवळसर भाग काढून टाकतात आणि भाजी काकडाबरोबर शिजवतात. कडूकंदही चिरून, पुन्हा पुन्हा पाणी बदलून उकळल्यावरच ताटात येतो. ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हा शहरी विश्वास रानात कोणी बाळगत नाही.

तिसरा समज प्राचीनतेचा. विळा लागला की दगडी पाला चुरडून जखमेवर लावणं महाराष्ट्रभर ठाऊक आहे, आणि ही वनस्पती मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतली. म्हणजे परकं तण आलं, लोकांनी ते पारखलं आणि त्याचा उपयोग शेजारापाजारात पसरला. एवढ्याने ज्ञानाची किंमत कमी होते का? उलट ती वाढते. नव्या गोष्टीची पारख करणारं ज्ञान जिवंत असतं.

मग हे सारं लिहून काढलं की जपलं जाईल, असा शेवटचा आक्षेप येतो. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगाव लोकजैवविविधता नोंदवह्या कराव्या लागतात, आणि ते काम गरजेचंच आहे. मात्र नोंदवहीत ‘शेवळं : भाजी’ एवढंच उरलं, तर ती वाचून भाजी करणाऱ्याचा घसा खाजणारच. कृती हातात राहते ती दरवर्षी रानात जाता आलं तरच. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरची मालकी मान्य केली आहे. तिची अंमलबजावणी जिथे रखडते, तिथे हिरड्याची नजर आणि कंदाची कृती दोन्ही विस्मरणात जातात. या ज्ञानाचा आदर करायचा, तर आधी तो हक्क प्रत्यक्षात मिळायला हवा.