तीन बोटांचं अंतर

घरात मिक्सर सुरू झाला की मीडियम वेव्हवरची आकाशवाणी खरखरायची, हे अनेकांना आठवत असेल. मिक्सरच्या मोटरीतले कार्बनचे ब्रश फिरत्या तांब्याच्या पट्ट्यांवर घासतात, पट्टी सुटताना बारीक ठिणगी पडते आणि ती ठिणगी असंख्य वारंवारितांवर एकदम ओरडते. रिमोटच्या गाडीत मोटर आणि रेडिओ दीड-दोन वितींच्या सांगाड्यात शेजारी-शेजारीच राहतात.

म्हणून उभ्या गाडीला वेग दिल्यावर पुढची चाकं आपोआप थरथरू लागली, तर आधी गाडीच्या पोटात पाहावं. मोटरीला वीज देणाऱ्या तारांचं एक वेटोळंच बनतं, आणि अशा लहान वेटोळ्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र साधारण अंतराच्या घनाने घटतं. रिमोटचा संदेश पकडणारा रिसीव्हर अशा वेटोळ्यापासून एका बोटाऐवजी तीन बोटांवर सरकवला, तर तिथे पोचणारं क्षेत्र सत्ताविसाव्या हिश्श्यावर येतं. पन्नास मीटरवरून येणाऱ्या रिमोटच्या संदेशाला या दोन बोटांनी काहीच फरक पडत नाही. गोंगाट घटतो, संदेश तेवढाच राहतो. इतका स्वस्त उपाय मला दुसरा ठाऊक नाही.

मोटर, तिचा वेग सांभाळणारा ईएससी आणि बॅटरीच्या जाड तारा एका बाजूला, रिसीव्हर दुसऱ्या बाजूला, ही मांडणी त्यातूनच आली. ईएससी अनेक अँपिअरचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो. त्यामुळे ब्रश नसलेली मोटर बसवली तरी गोंगाट संपत नाही. बॅटरीच्या दोन्ही तारा आखूड ठेवून एकमेकींना पीळ दिला की वेटोळंच लहान होतं. ब्रशच्या मोटरीवर ०.१ मायक्रोफॅरडचे तीन कपॅसिटर डाग देऊन जोडतात: एक दोन टोकांमध्ये, बाकीचे दोन प्रत्येक टोकापासून मोटरीच्या पत्र्याला. त्यांचे पाय आखूडच हवेत. लांब ठेवले तर उच्च वारंवारितेला ते अडथळा करतात आणि कपॅसिटरचा उपयोग उरत नाही.

अँटेनाचं गणित वारंवारितेनुसार बदलतं. जुन्या २७ मेगाहर्ट्झच्या संचात लहर ११ मीटरची. त्या मानाने गाडीतली तार आधीच तोकडी असते, म्हणून ती कापू नये, गुंडाळूनही ठेवू नये. आजच्या २.४ गिगाहर्ट्झला लहर अवघी साडेबारा सेंटिमीटर. त्यामुळे समाक्ष तारेच्या टोकाचा सुमारे तीन सेंटिमीटरचा उघडा भागच खरा अँटेना. तो प्लास्टिकच्या नळीतून उभा, धातूपासून आणि कार्बन फायबरपासून दूर ठेवावा. कार्बन फायबरही वीज वाहून नेतो.

हे नवे संच सहसा वारंवारिता सतत बदलत राहतात. हेडी लमार आणि जॉर्ज अँथाइल यांना पाणतीराच्या नियंत्रणासाठी याच कल्पनेचं पेटंट १९४२ मध्ये मिळालं होतं. मात्र उड्या मारणारा रेडिओही अपुऱ्या विजेपुढे हतबल असतो. चाक अडकलं की ते वळवणारी छोटी मोटर, म्हणजे सर्व्हो, जोर लावून प्रवाह ओढते, विजेचा दाब घसरतो, रिसीव्हर क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो. बाहेरून हे हुबेहूब व्यत्ययासारखं दिसतं, आणि माणसं तासन् तास अँटेना हलवत बसतात.

चाकं अधांतरी राहतील अशी गाडी ठोकळ्यावर ठेवा, जोडीदाराला चाकांवर लक्ष ठेवायला सांगा आणि ट्रान्समीटरवरून वेग देत मागे चालत जा. थरथर कुठे सुरू होते ते खडूने टिपा. मग एकच तार हलवा आणि पुन्हा चालत जा.