मागच्या तुकडीचा अहवाल

पदवीच्या वर्गात शिकणाऱ्या विद्यार्थ्याने संगणकशास्त्रातील 40 वर्षांची अटकळ खोटी ठरवली, ही बातमी 2025 च्या प्रारंभी जगभर झळकली, आणि त्या विद्यार्थ्याला, म्हणजे अमेरिकेतील रट्गर्स विद्यापीठाच्या अँड्र्यू क्रापिविन यांना, अशी काही अटकळ अस्तित्वात असल्याचे ठाऊकच नव्हते, हा तपशील वृत्तलेखकांनी विशेष चवीने रंगवला. नवे काही सुचण्यासाठी जुने माहीत नसणेच हिताचे, असा समज त्यातून सहज पसरतो. पदवीच्या स्तरावरील संशोधन-प्रकल्पांचा इतिहास मात्र या समजाला फारसा दुजोरा देत नाही, आणि खुद्द क्रापिविन यांचे उदाहरणही बारकाईने पाहिल्यास वेगळेच काही सांगते.

त्यांचा विषय होता हॅश टेबल, म्हणजे संगणकाच्या स्मृतीत माहिती अशा रीतीने मांडण्याची रचना, की हवी ती नोंद चटकन सापडावी. गर्दीच्या देवळाबाहेर पादत्राणांसाठी क्रमांक घातलेले कप्पे असावेत, प्रत्येक भाविकाने आपल्या नावावरून ठरावीक हिशेबाने एक क्रमांक काढून त्या कप्प्याकडे जावे, तो भरलेला असल्यास त्याच हिशेबाने पुढचा क्रमांक काढावा, आणि दर्शन आटोपल्यावर नेमक्या त्याच क्रमाने कप्पे पाहत आपली चप्पल शोधावी, तशी ही व्यवस्था असते. फरक इतकाच की हॅश टेबलातून चपला चोरीस जात नाहीत. कप्पे निम्मे रिकामे असतील तोवर कोणाचीच अडचण होत नाही, परंतु 10 लाख कप्प्यांपैकी एकच रिकामा उरला असता शेवटच्या भाविकाला किती कप्पे धुंडाळावे लागतील, हा खरा प्रश्न आहे. वाटेत भेटलेला पहिला रिकामा कप्पा लगेच पटकावणाऱ्या पद्धतींपुरते बोलायचे, तर यादृच्छिक क्रमाने कप्पे पाहत जाण्याहून सरस उपाय संभवत नाही आणि सर्वांत वाईट प्रसंगी शोधाचा खर्च 10 लाखांच्या पटीत राहणार, असे मत अँड्र्यू याओ यांनी 1985 मध्ये मांडले होते. क्रापिविन, मार्टिन फराख-कोल्टन आणि विल्यम कुझमॉल यांनी जानेवारी 2025 मध्ये सादर केलेल्या शोधनिबंधानुसार हा खर्च त्या संख्येच्या लॉगॅरिथमच्या वर्गाच्या पटीत आणता येतो, म्हणजे स्थिर गुणक बाजूला ठेवल्यास 10 लाखांच्या जागी सुमारे 400 हा आकडा येतो.

निष्कर्ष सुंदर आहे, मात्र त्याने उद्याचे संगणक वेगवान होतील अशी भाकिते घाईची होत, कारण सिद्धांतातील पटी आणि प्रत्यक्ष यंत्रातील वेळ यांत बरेच अंतर असते. त्याहून महत्त्वाची बाब मथळ्यांमागे झाकली गेली. क्रापिविन यांनी 2021 मध्ये वाचायला घेतलेला शोधनिबंध त्यांचेच माजी शिक्षक फराख-कोल्टन यांनी इतरांसह लिहिलेला होता. विद्यार्थ्याने काही नवे सापडल्याचे सांगितल्यावर याच शिक्षकांनी प्रथम शंका घेतली, मग कुझमॉल यांच्याकडून ते तपासून घेतले, आणि जे सापडले त्याने याओ यांची अटकळ मोडते हे त्या तपासणीत उमगले. विद्यार्थ्याला जे ठाऊक नव्हते ते ठाऊक असलेली माणसे हाकेच्या अंतरावर होती, म्हणूनच त्याच्या अज्ञानाला फळ आले.

याच गोष्टीचे भारतातील रूप अधिक बोलके आहे, आणि त्यातील दोन नावे आज फारशी कोणाच्या स्मरणात नाहीत. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि झटपट ठरवण्याची रीत कानपूरच्या आयआयटीत ऑगस्ट 2002 मध्ये सापडली, आणि मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल व नितीन सक्सेना या तिघांच्या आद्याक्षरांवरून ती एकेएस चाचणी म्हणून ओळखली जाऊ लागली. कयाल आणि सक्सेना यांचा त्याच वर्षीचा बी.टेक.चा प्रकल्प या विषयावर होता, आणि पदवी हाती आल्यानंतरच्या उन्हाळ्यात त्याचे रूपांतर पूर्ण सिद्धतेत झाले.

चाचणीचे बीज शाळकरी गणितात आहे. (क्ष + 1) या पदावलीचा पाचवा घात विस्तारून लिहिला असता सहगुणक 1, 5, 10, 10, 5, 1 असे येतात, आणि दोन्ही टोकांचे 1 वगळता प्रत्येकाला 5 ने भाग जातो. चौथ्या घाताचे सहगुणक 1, 4, 6, 4, 1 असून त्यांतील 6 ला 4 ने भाग जात नाही. घातांक मूळ संख्या असेल तेव्हाच मधल्या सर्व सहगुणकांना त्याने भाग जातो, हा नियम निरपवाद आहे. सहगुणकांची ही मांडणी पास्कलचा त्रिकोण या नावाने पाठ्यपुस्तकांत येते. पिंगलाच्या छंदःशास्त्रावरील दहाव्या शतकातील टीकेत हलायुधाने तिचे मेरुप्रस्तार म्हणून वर्णन केले होते, हे या कानपुरी कथेच्या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही. अडचण एवढीच की तपासायची संख्या शंभर अंकी असेल, तर सहगुणकांची संख्याही शंभर अंकी होते आणि ते सगळे तपासायला विश्वाचे वय पुरणार नाही.

यावर युक्ती अशी की क्षचा एक ठरावीक छोटा घात, समजा र-वा घात, 1 इतकाच मानायचा, जेणेकरून र किंवा त्याहून मोठे सर्व घातांक पुन्हा लहान घातांकांवर येऊन पडतात आणि केवळ र इतकेच सहगुणक उरतात. अशा घडी घालण्यात माहिती हरवते, त्यामुळे एखादी संयुक्त संख्या मूळ असल्याचे सोंग घेऊन निसटेल की काय, हा प्रश्न उभा राहतो. अग्रवाल आणि त्यांचे सहकारी सोमनाथ विश्वास यांनी 1999 मध्ये यादृच्छिक निवडीच्या आधारे या दिशेने एक पाऊल टाकले होते. त्यानंतर 2001 मध्ये रजत भट्टाचार्जी आणि प्रशांत पांडे या बी.टेक.च्या दोन विद्यार्थ्यांनी आपल्या प्रकल्पात हाच प्रश्न हाती घेऊन अशी अटकळ मांडली, की र योग्य निवडला तर एकच घडी पुरेशी ठरते. पुढच्या वर्षी कयाल आणि सक्सेना यांनी र 100 पर्यंत आणि तपासायची संख्या 1,000 कोटींपर्यंत घेऊन ती अटकळ पडताळली, आणि ती सिद्ध करण्याच्या खटपटीतूनच त्यांना दृष्टिकोन पालटण्याची गरज जाणवली: र बदलत राहण्याऐवजी तो नेमका एक धरावा आणि (क्ष + 1) मधल्या 1 च्या जागी वेगवेगळ्या संख्या घालून पाहाव्यात. या पालटानंतर सिद्धता हाती आली.

येथे एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. भट्टाचार्जी-पांडे यांची मूळ अटकळ अजून सिद्ध झालेली नाही, खोटीही ठरलेली नाही. लेन्स्ट्रा आणि पोमरन्स या नामांकित गणितज्ञांनी दिलेला युक्तिवाद मात्र ती बहुधा चूक असावी असे सुचवतो. म्हणजे ज्या प्रकल्पाचा निष्कर्ष बहुधा चुकीचा, त्याच प्रकल्पाने योग्य प्रश्न नेमक्या आकारात पुढच्या तुकडीच्या हाती ठेवला. तिघांच्या शोधनिबंधाला 2006 मध्ये गडेल पारितोषिक मिळाले, आणि 'ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स' या नियतकालिकात 2004 साली तो प्रसिद्ध झाला तेव्हा त्याच्या संदर्भसूचीत 2001 चा तो पदवी-प्रकल्पाचा अहवाल मानाने समाविष्ट होता. संदर्भसूची वाचणारे वाचक थोडे असतात हे मान्य केले, तरी भारतीय विज्ञानपत्रकारितेने या दोन नावांकडे केलेले दुर्लक्ष समर्थनीय ठरत नाही. त्या वेळच्या वृत्तपत्रांचे लक्ष दुसरीकडेच, बँकांच्या गुप्तलिपी आता फुटणार या भीतीकडे होते, आणि ती भीती निराधार होती: संख्या मूळ नाही हे कळणे वेगळे आणि तिचे अवयव सापडणे वेगळे, आणि गुप्तलिपींची सुरक्षितता दुसऱ्या, अजूनही अवघड असलेल्या कामावर अवलंबून आहे. व्यवहारात तर मोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी आजही मिलर-राबिन ही जुनी, संभाव्यतेवर आधारलेली आणि अधिक वेगवान चाचणीच वापरली जाते.

गणित आणि संगणकशास्त्र यांत कागद-पेन्सिलीवर काम भागते, म्हणून तेथे विद्यार्थ्यांना वाव अधिक, असा आक्षेप घेता येईल. परंतु अर्थशास्त्राच्या इतिहासातील एक ठळक उदाहरण त्याला छेद देते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये बी.कॉम.चे शिक्षण घेणाऱ्या रोनाल्ड कोस यांना 1931 मध्ये प्रवासासाठी शिष्यवृत्ती मिळाली आणि त्यांनी अमेरिकेत कारखाने पाहत, व्यवस्थापकांना प्रश्न विचारत वर्ष घालवले. त्यांचे शिक्षक आर्नल्ड प्लांट यांनी बाजारातील किमतींच्या द्वारे सारे आर्थिक व्यवहार आपोआप जुळतात हे त्यांना शिकवले होते, आणि कोस यांना पडलेला प्रश्न असा, की तसे असेल तर हजारो माणसांना हुकूम देऊन काम करवून घेणाऱ्या कंपन्या मुळात कशासाठी जन्माला येतात. बाजारात माल वा माणूस शोधणे, घासाघीस करणे, करार करणे आणि तो पाळला जातो का हे पाहणे यांनाही खर्च येतो, आणि तो खर्च वाचवण्यासाठी कंपन्या उभ्या राहतात, हे त्यांचे उत्तर 1937 मध्ये निबंधरूपाने प्रसिद्ध झाले. 1991 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे या विद्यार्थिदशेतील विचाराचा मोठा वाटा होता. व्यवहारखर्च ही कल्पना आज इतकी रुळली आहे, की तिच्या मुळाशी शिष्यवृत्तीवर फिरणारा एकवीस वर्षांचा मुलगा होता हे ध्यानात राहत नाही.

प्राचीन वाङ्मयाच्या क्षेत्रात अलीकडे घडलेली घटनाही अशीच आहे. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात जळून कोळसा झालेल्या हर्क्युलेनियमच्या गुंडाळ्या उलगडू गेल्यास त्यांचा भुगा होतो, म्हणून ब्रेंट सील्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी त्यांचे अंतरंग टिपले व ती चित्रे सर्वांसाठी खुली केली. अशा न उलगडलेल्या गुंडाळीतील जांभळ्या रंगाचा वाचक असा एक ग्रीक शब्द ऑक्टोबर 2023 मध्ये नेब्रास्का विद्यापीठातील ल्यूक फॅरिटर या पदवीच्या विद्यार्थ्याने संगणकाकरवी वाचून दाखवला. शाईच्या जागी पृष्ठभागाला बारीक भेगांसारखी नक्षी पडते, हे त्याआधी केसी हँडमर यांनी नुसत्या डोळ्यांनी हेरले होते, आणि फॅरिटर यांनी संगणकाला तीच नक्षी ओळखायला शिकवले.

महाराष्ट्रात या परंपरेची मुळे समजली जातात त्याहून जुनी आहेत. मूळ स्वरूपाच्या गणिती लेखनासाठी असलेले रँग्लर परांजपे पारितोषिक पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याने 1927 मध्ये मिळवले. 6174 या संख्येमुळे पुढे जगभर गाजलेले, देवळालीच्या शाळेत आयुष्यभर शिकवणारे द. रा. कापरेकर ते हेच. अभियांत्रिकीत पुण्याच्या सीओईपीचा 'स्वयम्' हा सुमारे एक किलो वजनाचा उपग्रह 22 जून 2016 रोजी पीएसएलव्ही-सी34 मधून कक्षेत गेला. दिशा राखण्यासाठी इंधन वा मोटारी न वापरता आतल्या चुंबकाने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून घ्यावे, अशी त्याची योजना होती, आणि तो एका तुकडीने नव्हे तर एकामागून एक आलेल्या अनेक तुकड्यांनी घडवला. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी ऑगस्ट 2020 मध्ये अमेरिकेतील पालोमार वेधशाळेची चित्रे चाळताना 2020 क्यूजी हा लघुग्रह हेरला, जो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून अवघ्या 2,950 किलोमीटरवरून निसटून गेला होता. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 2004 पासून पदवीच्या विद्यार्थ्यांना असे दीर्घ प्रकल्प देत आले आहे.

विद्यार्थ्यांचे संशोधन योगायोगावर सोडू नये, ही कल्पना संस्थेच्या चौकटीत बसवण्याचे श्रेय प्रामुख्याने मार्गारेट मॅकव्हिकर या भौतिकशास्त्रज्ञ बाईंचे आहे. पोलरॉइड कॅमेऱ्याचे जनक एडविन लँड यांनी 1957 मध्ये एमआयटीतील व्याख्यानात प्रत्येक विद्यार्थ्याला आल्याबरोबर स्वतःचा संशोधनप्रश्न आणि एक वडीलधारा मार्गदर्शक मिळावा असा आग्रह धरला. टाळ्या लँड यांना मिळाल्या, आणि 1969 मध्ये त्याचा प्रत्यक्ष कार्यक्रम उभा करण्याची खटपट, प्राध्यापकांची मनधरणी व हिशेब हे सारे त्या वेळी जेमतेम पंचविशीच्या असलेल्या मॅकव्हिकर यांच्या वाट्याला आले. आज जगभरच्या विद्यापीठांत चालणारे असे कार्यक्रम त्याच नमुन्यावर बेतलेले आढळतात.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये जाहीर केलेल्या चौकटीनुसार चार वर्षांच्या पदवीत, पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के वा अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांना चौथ्या वर्षी 12 श्रेयांकांचा संशोधन-प्रकल्प घेता येतो. गुणांची ही अट परीक्षेत चमकणाऱ्यांना निवडते, आणि चिकाटीने एकच प्रश्न वर्षभर उगाळणे हा निराळा गुण आहे. तरीही त्याहून मोठी उणीव अन्यत्र दिसते. श्रेयांक, मार्गदर्शक आणि मूल्यमापन यांचा तपशीलवार विचार झाला, परंतु पूर्ण झालेले अहवाल पुढच्या तुकडीला वाचायला कोठे मिळतील, याचा तेवढा झालेला दिसत नाही. शोधगंगा हा देशव्यापी संग्रह पीएच.डी.च्या प्रबंधांसाठी उभा आहे. पदवीचा अहवाल मात्र तोंडी परीक्षा आटोपली, गुणपत्रक लागले, की बहुधा विभागाच्या कपाटात जातो आणि जागा अपुरी पडू लागल्यावर रद्दीत. भट्टाचार्जी आणि पांडे यांचा अहवाल कानपूरच्या विभागात 2002 मध्ये हाताशी होता, आणि त्यातली अटकळ कोणी मांडली हे पुढच्या दोघांना त्याच्या मुखपृष्ठावरच लिहिलेले सापडत होते.