फोर्स १३६

फोर्स १३६ ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आग्नेय आशियातील जपानव्याप्त प्रदेशांत कार्य करणारी ब्रिटिश गुप्त संघटना होती. शत्रूच्या पिछाडीस पॅरेशूटने अथवा पाणबुडीतून हस्तक उतरविणे, स्थानिक प्रतिकार चळवळींना शस्त्रे व प्रशिक्षण पुरविणे आणि जपानी सैन्याची माहिती मिळविणे ही तिची मुख्य कामे होत. तिच्या अनेक हस्तकांचे प्रशिक्षण महाराष्ट्रात, पुण्याजवळील खडकवासला परिसरात झाले.

स्थापना

घातपाती कारवाया व भूमिगत चळवळींना साहाय्य यांसाठी ब्रिटनने जुलै १९४० मध्ये स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह ही संघटना स्थापन केली. तिची भारतातील शाखा १९४१ मध्ये कॉलिन मॅकेंझी यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाली. आरंभी मुख्यालय मेरठ येथे होते; १९४४ च्या अखेरीस ते सिलोनमधील (आताचे श्रीलंका) कँडी येथे हलविण्यात आले. फोर्स १३६ हे नाव मार्च १९४४ पासून रूढ झाले.

प्रशिक्षण

युरोपीय माणसाला आशियाई खेड्यात ओळख लपवून राहणे अशक्य होते. त्यामुळे त्या त्या देशाची भाषा व चालीरीती जाणणारे चिनी, थाई, ब्रह्मी व कॅरन तरुण निवडण्यात आले. खडकवासला येथील ईस्टर्न वॉरफेअर स्कूलमध्ये शस्त्रे, स्फोटके, बिनतारी संदेशवहन व सांकेतिक लिपी यांचे शिक्षण दिले जाई. पॅरेशूटने उडी घेण्याचा सराव रावळपिंडीजवळील चकलाला येथे होत असे.

प्रमुख मोहिमा

मलाया : मे १९४३ मध्ये जॉन डेव्हिस व काही चिनी हस्तक पाणबुडीने मलायात पोहोचले. खडकवासल्याच्या चिनी तुकडीचे संघटक लिम बो सेंग हे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तेथे गेले. डिसेंबरअखेर त्यांनी मलायातील साम्यवादी गनिमांशी सहकार्याचा करार केला. मात्र जड संदेशयंत्र जंगलातील तळावर वेळेत न पोहोचल्याने मुख्यालयाशी त्यांचा संपर्क १९४५ च्या आरंभापर्यंत होऊ शकला नाही. मार्च १९४४ मध्ये जपान्यांनी लिम बो सेंग यांना पकडले. छळ होऊनही त्यांनी सहकाऱ्यांची नावे सांगितली नाहीत. २९ जून १९४४ रोजी बाटू गाजा येथील तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला.

थायलंड : ब्रिटनमध्ये शिकणारे पुए उंगपाकोर्न हे मार्च १९४४ मध्ये दोन साथीदारांसह पॅरेशूटने उतरले, परंतु ठरलेल्या जागेऐवजी वस्तीजवळ पडल्याने पकडले गेले. थाई पोलीसप्रमुखांची प्रतिकार चळवळीला गुप्त सहानुभूती असल्याने त्यांना जपान्यांच्या स्वाधीन करण्यात आले नाही. उलट, कैदेत असतानाच त्यांनी भारतातील तळाशी बिनतारी संपर्क साधला.

ब्रह्मदेश : मेजर ह्यू सीग्रिम १९४२ पासून कॅरन टेकड्यांत राहून गनिमांची उभारणी करीत होते. त्यांच्या मदतीसाठी १९४३ मध्ये पॅरेशूटने अधिकारी उतरविण्यात आले. जपान्यांनी त्यांच्या शोधार्थ कॅरन खेड्यांवर अत्याचार सुरू केल्यावर, ते थांबावेत म्हणून सीग्रिम मार्च १९४४ मध्ये शरण गेले. सप्टेंबरमध्ये त्यांना कॅरन सहकाऱ्यांसह गोळ्या घालण्यात आल्या. १९४५ मधील 'कॅरेक्टर' मोहिमेत पुन्हा पथके उतरविण्यात आली. कॅरन गनिमांनी तौंगूकडे निघालेल्या जपानी तुकड्यांना वाटेत अडविले, त्यामुळे ब्रिटिश-भारतीय सैन्याला ते शहर आधी गाठता आले व रंगूनचा मार्ग खुला झाला.

परिणाम

पॅरेशूटने उतरलेल्या हस्तकाचे जगणे त्याला आसरा देणाऱ्या खेड्यावर अवलंबून असे, आणि तो सापडला तर शिक्षा त्या खेड्यालाही भोगावी लागे. युद्धानंतर या सहकाऱ्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मलायातील साम्यवादी गनिमांनी १९४८ पासून ब्रिटिशांविरुद्धच सशस्त्र लढा दिला. स्वतंत्र राज्याची अपेक्षा बाळगणाऱ्या कॅरनांना ब्रह्मदेशाच्या स्वातंत्र्यावेळी ते मिळाले नाही व १९४९ मध्ये त्यांचा संघर्ष सुरू झाला. पुए उंगपाकोर्न हे १९५९ ते १९७१ या काळात थायलंडच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर होते.