घोडा तर घेतला, पण त्याला रोज सांभाळणारा माणूस कसा निवडायचा?

मार्गशीर्ष पौर्णिमा म्हणजे दत्तजयंती आली की नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्यात तापीच्या काठावर घोड्यांचा बाजार भरतो. एकमुखी दत्ताची यात्रा, जोडीला चेतक फेस्टिव्हल, आणि आपल्या मोबाईलवर नुसत्या घोड्यांच्या रिल्स. त्या बघून "आपल्या दारात पण एक पाहिजे राव" असं वाटणारे ढिगानं असतात. त्यातले काही जण खरंच घोडा टेम्पोत चढवून घरी आणतात.

घेताना परीक्षा एकदम कडक असते. मारवाडीचे कान एकमेकांना टेकतात का, भोवरे कुठंकुठं आहेत, देवमण आहे का, दात किती. सोबत एखादा जाणकार नेलेला असतो, अर्धा दिवस घासाघीस चालते. आणि घोडा घरी आल्यावर त्याला सांभाळणार कोण, हा निर्णय मात्र दोन मिनिटांत होतो. "आपला सालगडी आहे की. सहा म्हशी बघतो, त्यात एक घोडा."

घोळ इथंच होतो.

म्हैस रवंथ करते. तिच्या पोटाचे चार कप्पे असतात, कमीजास्त खाल्लं तरी ती बऱ्यापैकी निभावून नेते. घोड्याचं तसं नाही. त्याचं जठर एकच आणि अंगाच्या मानानं अगदी लहान, साधारण आठ ते पंधरा लिटरचं. मोकळ्या रानात तो दिवसाचे पंधरा-सोळा तास थोडंथोडं चरत असतो, त्याचं पोट त्या हिशोबानं बनलंय. त्यात घोड्याला उलटी होत नाही. चुकीचं काही पोटात गेलं तर परत यायचा रस्ताच बंद. म्हणून पोटशूळ, ज्याला डॉक्टर कॉलिक म्हणतात, हा घोड्याचा सगळ्यात मोठा वैरी. संध्याकाळी ठणठणीत असलेला घोडा पहाटेपर्यंत हातचा जाऊ शकतो.

आणि कॉलिकची बरीच कारणं रोजच्या कामात असतात. चारा अचानक बदलला, बुरशी आलेला कडबा टाकला, चंदी एकदम वाढवली, पाणी कमी पडलं. चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला सहा ते आठ किलो कोरडी वैरण लागते, म्हणजे वजनाच्या दीड ते दोन टक्के. पाणी पंचवीस ते चाळीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. वैरण आधी, चंदी नंतर आणि तीही दोन-तीन वेळा वाटून. म्हशीच्या पेंडीतलं घमेलंभर घोड्यापुढं ओतायचं नाही, कारण जनावरांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गाई-म्हशींना ते चालतं, घोड्याचं हृदय मात्र त्यानं बंद पडू शकतं. हे माहीत नसलेला माणूस कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्या हातात घोडा देणं म्हणजे दोघांवरही अन्याय.

आता नेमका कुठला माणूस शोधायचा? घोड्याची चाकरी करणाऱ्याला आपल्याकडं मोतद्दार म्हणायचे. रेसकोर्सवर आणि रायडिंग क्लबात सईस हा शब्द चालतो. त्याचं काम खाणंपिणं, खरारा, खूर साफ करणं, तबेल्यातली लीद काढणं, घोडा फिरवणं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रोज त्याच्याकडं नीट बघणं. नाल ठोकणारा नालबंद वेगळा. घोड्याला स्वारीला तयार करणारा चाबुकस्वार वेगळा. आजारपण बघणारा डॉक्टर तर वेगळाच. वरातीत घोडा नाचवणारा माणूस भारी वाटतो, पण नाचवता येणं आणि सांभाळता येणं या दोन गोष्टी आहेत. या चारही कामांना एकच माणूस ठेवला की एकही काम धड होत नाही.

जुन्या लोकांना हे बरोबर कळत होतं. सभासदाच्या बखरीत शिवरायांच्या पागेची रचना दिलीय, त्यात दर पंचवीस घोड्यांमागं एक पखालजी आणि एक नालबंद असायचा. पाणी आणि खूर या दोन गोष्टींना स्वतंत्र माणूस. चिपळूणजवळ मुक्कामाला असलेल्या लष्कराला महाराजांनी पाठवलेलं पत्रही प्रसिद्ध आहे. दाणा-वैरण पावसाळाभर पुरवून वापरा आणि गवताच्या गंजीजवळ विस्तव, दिवा नेऊ नका, अशी त्यात ताकीद आहे. आज तबेल्याच्या माळ्यावर कडबा आणि त्याच्याखाली विडी ओढत बसलेला माणूस दिसला की ते पत्र आठवतं.

डॉक्टरला जशी नोंदणी लागते तशी मोतद्दाराला लागत नाही. त्यामुळं "अनुभव आहे" एवढ्यावर बहुतेक नेमणुका होतात. अनुभव कुठला ते विचारा. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर काम केलेली माणसं मिळतात, तिथं एकेकाकडं दोन-तीन घोडे असतात आणि शिस्त कडक असते. रायडिंग क्लबातून आलेले असतात. माथेरान-महाबळेश्वरकडं पिढ्यानपिढ्या घोडा पाळणारी घरं आहेत. अजून एक जागा लोकांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे लष्कर. सैन्याच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमध्ये घोड्यांच्या ड्रेसर, रायडर, फॅरिअर अशा कामांसाठी जवान तयार होतात. त्यातले काही निवृत्त होऊन गावी आलेले असतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन चौकशी करायला काहीच पैसे पडत नाहीत.

माणूस सापडला की लगेच महिना ठरवू नका, आधी त्याला घोड्याजवळ सोडा आणि तुम्ही गप्प उभे राहा. तो थेट मागून गेला तर तिथंच विषय संपला. बरोबर माणूस आधी आवाज देतो, खांद्याच्या बाजूनं जातो, हात लावतो, मग काम सुरू करतो. त्याला चारही पाय उचलून खूर साफ करायला सांगा. खूर उचलल्यावर तो वास घेतो का बघा, कारण खुराला कुजकट वास येणं म्हणजे ओल्या तबेल्यात खूर सडायला लागल्याची खूण. नालबंदाला किती दिवसांनी बोलवायचं असं विचारलं तर उत्तर सहा ते आठ आठवडे असं यायला हवं. "नाल पडली की" हे उत्तर चुकीचं. त्याच्या पिशवीत काटेरी लगाम निघाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. १९६५ च्या नियमांनी तसले लगाम बंद आहेत, आणि ज्याला घोडा आवरायला काटे लागतात त्याला घोडा कळलेला नसतो.

शेवटी एक प्रश्न विचाराच. रात्री दोन वाजता घोडा पायानं जमीन उकरतोय, वळून पोटाकडं बघतोय, सारखा लोळतोय, लीद टाकलेली नाही, तर काय करशील? "तेल पाजतो" हे उत्तर गावोगाव ऐकायला मिळतं, आणि ते धोक्याचं आहे. नळकांड्यानं पाजलेलं तेल फुफ्फुसात गेलं तर कॉलिकसोबत न्यूमोनिया. डॉक्टर नाकातून नळी टाकून थेट जठरात औषध देतात, ते काम त्यांचंच. चांगला माणूस म्हणेल की पुढचा चारा काढून घेतो, डॉक्टरला फोन लावतो, मालकाला उठवतो, ताप आणि नाडी बघून ठेवतो, घोडा ऐकत असेल तर हळूहळू चालवतो. निरोगी घोड्याचा ताप ९९ ते १०१ फॅरनहाइटच्या आसपास आणि नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. हे आकडे त्याला पाठ नसतील तर शिकवता येतात. मालकाला उठवायची भीती वाटत असेल तर ती मात्र तुमची चूक आहे, त्याची नाही.

औषधाचंही आधीच बोलून घ्या. १९८४ च्या पशुवैद्यक कायद्यानं उपचार हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचं काम आहे. मोतद्दारानं परस्पर इंजेक्शन टोचायचं नाही, मग तो कितीही जुना असो. त्याचं काम लवकर ओळखणं. पावसाळ्यात चावऱ्या माश्यांमुळं सर्रा होतो, त्यात ताप येऊन जाऊन असतो, घोडा वाळत जातो, पायांना सूज येते. नाकातून घट्ट शेंबूड आणि अंगावर गाठी दिसल्या तर ग्लँडर्सची शंका घ्यायची. तो माणसालाही होतो आणि त्यात घोडा बरा करायची सोय नाही, बाधित जनावर कायद्यानं संपवावं लागतं. म्हणून जत्रेत दुसऱ्याच्या बादलीतून पाणी पाजायचं नाही, ही सवय असलेला माणूस सोन्यासारखा. पहिल्या बळीला कोण पडतं? घोड्याच्या तोंडाजवळ रोज उभा राहणारा तोच.

आता पैशाचा विषय. सालगड्यासारखं पाडव्याला वर्षाचं ठरवलं तरी चालेल, पण घोड्याला रविवार नसतो आणि माणसाला असावा लागतो. आठवड्याच्या सुट्टीला दुसरं कोण येणार हे आधी ठरवा, आणि त्या बदली माणसाला महिनाभर सोबत राबू द्या. राहायला तबेल्यालगत नीट खोली, हेल्मेट, मजबूत बूट, धनुर्वाताचं इंजेक्शन, अपघाताचा विमा हे पगाराच्या बाहेर धरा. लाथ बसली तर दवाखान्याचा खर्च कोणाचा, हे लाथ बसायच्या आधी लिहिलेलं बरं. दोन-तीन महिन्यांनी माणूस बदलला की घोडा बिथरतो, खाणं सोडतो. थोडे पैसे वाचवायला हे परवडत नाही.

फक्त रविवारी बसणाऱ्यांना अजून एक सांगायचंय. सहा दिवस बांधून भरपूर चंदी आणि सातव्या दिवशी जोरात दौड, याच्यानं घोड्याचे मागचे स्नायू दगडासारखे आखडतात, लघवी लाल-काळी होते. मोतद्दार "आज चंदी कमी केलीय, आज पळवू नका" म्हणाला तर ऐका. तेवढा वेळ आणि तेवढा माणूस जमत नसेल तर घोडा रायडिंग क्लबात ठेवा, महिन्याचे पैसे भरा. त्यात कमीपणा काही नाही.

पहिल्याच दिवशी तबेल्याच्या दारावर एक कागद चिकटवा. त्यावर डॉक्टरचा नंबर, ते नसतील तर दुसऱ्या डॉक्टरचा, नालबंदाचा, सरकारी पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२, आणि रात्री-अपरात्री घोडा घालून निघेल अशा एका टेम्पोवाल्याचा.