मस्तकाचे सीटी स्कॅन
क्ष-किरण व संगणक यांच्या साहाय्याने कवटी व मेंदू यांच्या छेदप्रतिमा मिळविण्याची निदानपद्धती. साध्या क्ष-किरण चित्रात कवटीचे हाड दिसते. मेंदूची रचना दिसत नाही. गॉडफ्री हौन्सफील्ड यांनी ही उणीव दूर करणारे यंत्र तयार केले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात त्याने पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. १९७९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक हौन्सफील्ड व ॲलन कॉर्मॅक यांना विभागून मिळाले.

मस्तकाभोवती फिरणाऱ्या नलिकेतून निघालेले किरण पलीकडे किती पोहोचतात, हे मोजून संगणक प्रतिमा रचतो. ताजे गोठलेले रक्त मेंदूपेक्षा अधिक किरण शोषत असल्याने पांढरे दिसते.

तपासणी काही मिनिटांत होते, हा तिचा मोठा गुण होय. डोक्यास जबर मार लागल्यास कवटीतील रक्तस्राव तीत लगेच आढळतो. पक्षाघाताचा झटका रक्तवाहिनी तुंबल्याने वा फुटल्याने येतो. केवळ लक्षणांवरून हा भेद खात्रीने करता येत नाही. गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांत देतात. परंतु रक्तस्राव असताना ते प्राणघातक ठरू शकते. म्हणून आधी स्कॅन आवश्यक असते.

वाहिनी तुंबल्यानंतर पहिल्या काही तासांत मात्र प्रतिमा निर्दोष दिसू शकते. तेवढ्यावरून पक्षाघात नाही असे ठरत नाही. लहान अर्बुदे एमआरआय तपासणीत अधिक स्पष्ट दिसतात. स्कॅनमधील प्रारणमात्रा सु. २ मिलिसीव्हर्ट असते. मुलांना प्रारणाचा धोका अधिक असल्याने किरकोळ मारानंतर लक्षणे पाहूनच ते करावे.